वजन कमी करायचे क्लब: पैसे भरायच्या आधी पडणारे प्रश्न (आणि भरल्यावर पडणारे पण)

आमच्या भागात दोन गल्ल्या सोडल्या की एक न्यूट्रिशन क्लब लागतो आणि दिवाळीचा फराळ संपला की मला तेच तेच प्रश्न यायला लागतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही. अशा एका क्लबात बरेच महिने जात होते, वजन कमीही झालं, आणि तरी माझं मत असं आहे की तिथे जे काम करतं ते पावडरच्या डब्यात नसतं. का, ते पुढे येईलच.

क्लब क्लब म्हणतात ते नक्की काय असतं? जिम का?

जिम नाही. कोणाच्या तरी फ्लॅटचा हॉल नाहीतर भाड्याचा गाळा, सकाळी सहा-साडेसहाला उघडणार, नऊ-दहाला बंद. दाराबाहेर चपलांचा ढीग, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, कोपऱ्यात वजनकाटा आणि दोन्ही हातांत धरायचं ते मशीन. आल्या आल्या वहीत नाव आणि वजन. मग तीन ग्लास समोर येतात, एक कोरफडीचं पाणी, एक गरम चहासारखं पेय आणि शेवटी मिक्सरमधून काढलेला शेक. कोणाचं आठशे ग्रॅम उतरलं की टाळ्या, आणि ज्याचं उतरलं त्याने उभं राहून दोन शब्द बोलायचे.

बहुतेक ठिकाणी मागे डायरेक्ट सेलिंग कंपनी असते, म्हणजे दुकानाऐवजी माणसांमार्फत माल विकणारी, आणि क्लब चालवणारे ताई-दादा, म्हणजे तिथले कोच, तिचे वितरक असतात. यातलं सगळ्यात मोठं नाव हर्बालाइफ, १९८० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली आणि १९९९ मध्ये भारतात आलेली कंपनी. क्लबची ही पद्धत मेक्सिकोतून आली. तिथल्या लोकांना महिन्याचा डबा एकदम परवडायचा नाही म्हणून रोज एक ग्लास विकायची युक्ती निघाली, आणि ती आपल्याकडे चपखल बसली कारण एकरकमी चार हजार काढताना हात थांबतो, रोजचे दोनशे सहज जातात.

स्लिमिंग सेंटर हा वेगळा प्रकार. तिथे पॅकेज, मशीनं, पट्टे आणि इंच लॉस. आणि परदेशात आठवड्याच्या मीटिंगवाले क्लब असतात, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय.

पण वजन खरंच कमी होतं का?

हो, बऱ्याच लोकांचं होतं, उगाच नाही कशाला म्हणा. मात्र नीट अभ्यास झालेत ते मुख्यतः मीटिंगवाल्या क्लबांचे, म्हणजे वेट वॉचर्ससारख्यांचे, जिथे पावडर न पिता नेहमीचंच जेवण मोजून खायचं असतं. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधली ७७२ माणसं, निम्म्यांना फॅमिली डॉक्टरचा नेहमीचा सल्ला आणि निम्म्यांना वेट वॉचर्सची मेंबरशिप फुकट. वर्षाने क्लबवाल्यांचं सरासरी पाच किलो कमी झालं आणि डॉक्टरच्या सल्ल्यावाल्यांचं सव्वादोन किलो. म्हणजे दुपटीहून जास्त, पण नीट वाचा, वर्षाला पाच किलो. तुमच्या कॉलनीतल्या पोस्टरवर महिन्याला दहा लिहिलेलं असतं! आणि त्यात क्लबवाल्यांपैकी वर्षभर टिकले ते साठ टक्क्यांच्या आसपास.

म्हणून पोस्टरवरचे फोटो बघताना एवढंच विचारा की हे किती जणांपैकी. ज्यांचं उतरलं नाही त्यांचा फोटो भिंतीवर लागत नाही.

माझं पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरलं, मग?

अभिनंदन, पण त्यात बरंचसं पाणी आहे. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन म्हणून ठेवतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. चरबीचा हिशोब कडक आहे, एक किलो म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, रोज पाचशे कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. तिसऱ्या आठवड्यात काटा अडकला की कोच म्हणतो तुम्ही चीट केलंत आणि आता प्रोटीनचा वेगळा डबा घ्या. चीटबीट काही नसतं, पाणी संपलेलं असतं.

मशीनने माझं बॉडी एज ५४ दाखवलं, मी ३९ ची आहे. रात्रभर झोप नाही लागली.

झोपा निवांत. ते मशीन शरीरातून अगदी हलका करंट सोडतं आणि किती अडथळा येतो त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी पिऊन आलात, चालून घामाघूम होऊन आलात, पाळी आहे, प्रत्येक वेळी आकडा हलतो. व्हिसरल फॅटचा, म्हणजे पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीचा आकडाही तसाच अंदाज, आणि बॉडी एज हे कंपनीच्या सूत्रातून निघालेलं गणित, तो काही रिपोर्ट नव्हे. पेसमेकर असलेल्यांनी ते मशीन हातात धरायचंच नाही, ही गोष्ट क्लबात कोणी विचारताना मी तरी ऐकली नाही.

त्यापेक्षा घरातली शिवणाची टेप काढा. आपल्या लोकांसाठी कमरेचा घेर बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या वर गेला की लक्ष द्यायचं. बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजायच्या आकड्याची रेघ पण आपल्याला २३ ची आहे, गोऱ्यांसारखी २५ ची नाही, कारण आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असा प्रकार जास्त आणि शुगर मागे लागते ती या पोटामुळे.

शेकमध्ये असतं तरी काय?

मुख्यतः सोयाचं किंवा दुधाचं प्रोटीन, थोडी साखर, फायबर, फ्लेवर आणि वरून टाकलेली व्हिटॅमिनं. डबा फिरवून मागचा तक्ता वाचा, एका सर्व्हिंगला साधारण शंभरच्या आतबाहेर कॅलरी असतात, दुधात घेतला की दोनशेच्या पुढे. आता ज्या माणसाचा नाश्ता म्हणजे दोन वडापाव किंवा साबुदाण्याची खिचडी वर दाणे घालून, त्याच्या पोटात चारपाचशेच्या जागी दोनशे गेल्या तर वजन उतरणारच की! त्यात जादू काही नाही, पण सोय आहे हे मान्य. मोजायला लागत नाही, काय करू हा प्रश्न नाही, आठ दहाची लोकल पकडणाऱ्याला ते बरं पडतं.

तेवढंच प्रोटीन घरी हवं तर दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध, किंवा मटकीची उसळ वाटीभर आणि दही, किंवा मुगाचं धिरडं ज्यात तेल चमच्याने मोजून घातलंय. २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने नवीन आहार मार्गदर्शिका काढली त्यातही प्रोटीन पावडरीच्या मागे लागू नका असंच सांगितलंय.

आणि हो, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की औषधी वापरासाठी नाही. शोधा, सापडेल, कायद्याने लिहावंच लागतं.

मला थायरॉइड आहे / आईला शुगर आहे / मी बाळाला पाजतेय. चालेल का?

हा प्रश्न मी सगळ्यात सविस्तर लिहिणार आहे कारण क्लबात याचं उत्तर नेहमी "काही होत नाही हो, उलट गोळ्या सुटतील" असं मिळतं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेऊन पुढे अर्धा ते एक तास काही खायचं नसतं हे तुम्हाला माहितीच आहे. आता साडेसहाला गोळी घेतली आणि पावणेसातला क्लबात सोयाचा शेक प्यायला की गोळी नीट शोषली जात नाही, सोया आणि कॅल्शियम दोन्ही तिला अडवतात. मग रक्ततपासणीतला टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा आकडा, वाढतो, वजन हलत नाही, आणि बाई बिचारी अजून एक डबा घेते. नुसती वेळ बदलली तरी फरक पडतो पण तिथे ती सांगणार कोण.

शुगरवाल्यांचं जास्त गंभीर आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना खाणं निम्म्यावर आणलं आणि डोस तोच ठेवला तर शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, कधीकधी चक्कर येऊन पडणं. आईचं खाणं बदलायच्या आधी तिच्या डॉक्टरला फोन करा, नंतर नाही. गोळ्या बंद करा असं कोणी कोच म्हणाला तर तिथून उठाच. १९५४ पासून आपल्याकडे कायदा आहे ज्यात मधुमेह आणि लठ्ठपणा या दोन्हींवर औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे.

गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना नको. किडनीचा त्रास असेल तर जास्तीचं प्रोटीन डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. ग्रीन टी अर्काच्या गोळ्या काही पॅकेजात असतात, कपातला ग्रीन टी ठीक आहे पण अर्क जास्त प्रमाणात गेला तर लिव्हरला बाधतो हे युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय. आणि फार भराभर वजन उतरवलं, म्हणजे आठवड्याला दीड किलोच्या वर, तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते.

केस खूप गळतायत, क्लबवाले म्हणतात टॉक्सिन बाहेर पडतायत.

टॉक्सिन वगैरे काही नाही. एकदम खाणं तोडलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, बाळंतपणानंतर गळतात तसेच. खाणं नीट झालं की बहुतेकांचे परत येतात. एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, आपल्याकडच्या बायकांत ते बऱ्याचदा आधीपासूनच खाली असतं.

कोच लोक शिकलेले असतात का?

काही मनापासून करणारे असतात, खूप वेळ देतात, रात्री दहाला पण मेसेजला उत्तर देतात. पण ट्रेनिंग कंपनीचं असतं आणि ते विकायचं असतं. डाएटिशियन म्हणजे पोषणशास्त्राची पदवी आणि हॉस्पिटलात इंटर्नशिप केलेली व्यक्ती. विचारा सरळ, ताई तुमचं शिक्षण काय, यात अपमान कसला, आपण गॅस दुरुस्तीवाल्याला पण विचारतो.

म्हणजे सगळं वाईटच का? काही फायदे नाहीत?

आहेत, आणि मोठे आहेत. सकाळी सहाला उठून कुठेतरी जायचं असतं ही पहिली गोष्ट. वहीत वजन लिहिलं जातं ही दुसरी, कारण जे रोज लिहिलं जातं ते नजरेआड करता येत नाही. तिसरी आणि सगळ्यात मोठी म्हणजे माणसं. आमच्या क्लबात एक काकू होत्या, नवरा गेलेला, मुलगा बंगळुरूला, त्यांचं वजन दोन किलो पण उतरलं नसेल पण त्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. घरी बाईने डाएट म्हटलं की सासूबाई म्हणतात एक लाडू खाल्ल्याने काय होतंय, तिथे मात्र दहा जणी विचारतात काल रात्री भात टाळलास का गं.

वेट वॉचर्सची सुरुवात पण अशीच झालीय बघा. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली जीन निडेच नावाची गृहिणी सरकारी दवाखान्यातून मिळालेलं डाएट पाळत होती पण मन मोकळं करायला कोणी नाही, म्हणून तिने वजनाने जड असलेल्या मैत्रिणींना घरी बोलावलं. डाएट सरकारी, फुकटचं. तिने त्यात मैत्रिणींच्या गप्पा घातल्या आणि दोन वर्षांत त्याची कंपनी झाली.

आता मला सांगा, या सगळ्यात पावडर कुठे आहे? सहाजणी मिळून सोसायटीच्या गच्चीवर किंवा मैदानावर जमलात, एक काटा आणि एक दोनशे पानी वही आणलीत, तर वरच्या तिन्ही गोष्टी मिळतात. अडचण एकच, फुकट असलं की लोक टिकत नाहीत. पैसे भरले की उठतो माणूस. त्यासाठी भिशी लावा, जी गैरहजर राहील तिने पन्नास टाकायचे.

खर्च किती धरायचा?

शहराप्रमाणे बदलतो, पण गणित करा. रोज २०० धरले आणि २६ दिवस गेलात तर ५२०० महिन्याला, नवराबायको दोघं तर १०,४००. वर वेगळे डबे, गोळ्या, वजन उतरवायच्या चॅलेंजची, म्हणजे स्पर्धेची फी. कंपनी डबा विकते, वितरक त्यावर कमिशन घेतो, त्याच्या वरचा त्याच्यावर घेतो, आणि काटा, वही नि टाळ्या मोफत असतात.

क्लब सोडल्यावर वजन परत येतं का?

बऱ्यापैकी येतं. ब्रिटनमध्ये १२६७ लोकांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. वर्षभर क्लबला गेलेल्यांचं वर्षाअखेरी सरासरी ६.७६ किलो कमी, बारा आठवडे गेलेल्यांचं ४.७५, आणि नुसतं माहितीपुस्तक दिलेल्यांचं ३.२६. आणखी वर्षाने तेच आकडे ४.२९, ३.५६ आणि २.३०. म्हणजे क्लब संपल्यावर घसरण आहेच, पण सगळं धुऊन गेलं असंही नाही.

आता हे झालं घरचंच जेवण मोजून खायला शिकवणाऱ्या क्लबचं. जिथे सकाळ-संध्याकाळ शेक पाजलाय तिथे तुम्ही भाकरी किती खायची हे शिकलातच कुठे? शेक बंद, की परत जुना नाश्ता. म्हणून जायचंच असेल तर पहिल्या दिवशी विचारा की यातून बाहेर कसं पडायचं. उत्तर "मेंटेनन्स शेक" असं आलं तर समजून जा काय ते.

मला म्हणतायत तुम्ही पण क्लब काढा, वजनासोबत इन्कम.

वजन थोडं उतरलं, चेहरा उजळला, लोक विचारायला लागले की हे विचारतातच. हॉटेलात सेमिनार, स्टेजवर कोणीतरी नोकरी सोडलेला, सगळे उभे राहून टाळ्या. जाऊन बघा हवं तर, चहा चांगला असतो.

पण हे वाचून जा. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये हर्बालाइफवर केलेलं प्रकरण २० कोटी डॉलर आणि धंद्याची पद्धत बदलण्याच्या अटीवर मिटलं. त्यात क्लबवाल्यांचाच आकडा होता, क्लब उभा करून चालवायला सरासरी साडेआठ हजार डॉलर घातलेले आणि ५७ टक्के मालकांनी सांगितलं की नफा शून्य किंवा तोटाच. पुढच्या वर्षी साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना नुकसानीचे चेक गेले. हे तिकडचं झालं, पण गाळ्याचं भाडं, दूध, वीज आणि उधारीवर पिणारे नातेवाईक आपल्याकडेही आहेतच.

आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून डायरेक्ट सेलिंगचे नियम आहेत. नुसती माणसं जोडून पैसे मिळणार असतील तर ती पिरॅमिड स्कीम आणि त्याला बंदी. सही केल्यावर ठरावीक मुदतीत दंड न भरता माघार घेता येते, ती मुदत करारात किती दिवस लिहिलीय ते बघा. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, मी हे माझ्या नणंदेला विकू शकेन का आणि नंतर तिच्याच घरी जेवायला बसू शकेन का.

दीक्षित डाएट तर फुकट आहे, ते का नको?

कोण म्हणतं नको? डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना गावोगाव नेली, दिवसात दोनदाच खायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, आणि एक रुपया घेतला नाही. महाराष्ट्रात जेवढ्या लोकांनी हे करून बघितलंय तेवढे कुठल्या क्लबात गेले असतील असं मला वाटत नाही. त्याच्यावर टीका करणारे आहारतज्ज्ञ पण आहेत, दर दोन तासांनी खा म्हणणारे. ज्याला दोन जेवणं झेपतात त्याने ती करावी, ज्याला ॲसिडिटी होते किंवा शुगरच्या गोळ्या आहेत त्याने विचारून करावी.

मी लंडनजवळ राहते, इथे जीपीने (फॅमिली डॉक्टरने) स्लिमिंग वर्ल्ड हा क्लब सुचवलाय.

जा, काही भागांत एनएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेमार्फत बारा आठवडे फुकट मिळतात. १९६९ पासूनचा क्लब आहे, डाळी, भात, बटाटा, भाज्या पोटभर आणि तेल, तूप, गोड मोजून असं साधारण धोरण. वरणभात खाणाऱ्याला बरं जमतं, फक्त फोडणीचं तेल प्रामाणिकपणे मोजा, आपली कढई तिथल्या रेसिपीत बसत नाही. भात पोटभर म्हणतात ते मात्र शुगर असेल तर शब्दशः घेऊ नका.

आता इंजेक्शनं आलीत, क्लबांचं काय?

मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं, पहिलं मार्च २०२५ मध्ये आणि दुसरं जूनमध्ये भारतात आलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेट वॉचर्सने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, कर्ज कमी करून परत उभी पण राहिली, आता स्वतःच औषधांचे प्रिस्क्रिप्शन देण्याच्या धंद्यात आहे. इंजेक्शन डॉक्टरच्या देखरेखीखालीच, क्लबात कोणी "आपल्याकडे स्वस्तात मिळतं" म्हणालं तर हात पण लावू नका.

नवरा ऐकत नाही, रोज जातो आणि मलाही चल म्हणतो.

भांडू नका. त्याला सकाळी उठायची सवय लागलीय ती मोडू नका. महिन्याचा खर्च एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि दर रविवारी त्याच्या कमरेचा घेर शेजारी लिहा. तीन महिन्यांनी कागद स्वतःच बोलेल किंवा खरंच फरक दिसला तर तुम्ही गप्प बसाल.

सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं, दोन महिन्यांत सोडलं, पैसे परत देत नाहीत.

आधी पावती बघा, "नॉन रिफंडेबल" छापलेलं असलं तरी हातपाय गाळू नका, एकतर्फी अटी ग्राहक आयोगापुढे नेहमीच टिकतात असं नाही. सोडण्याचं कारण आणि तारीख लिहून ईमेल किंवा स्पीड पोस्टाने कळवा, नुसतं फोनवर नको. "१५ किलोची गॅरंटी" असा मेसेज किंवा पँप्लेट असेल तर स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, ग्रुपमधून काढलं की गेलं. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज, वकील लागतोच असं नाही. ईएमआयवर घेतलं असेल तर हप्ता परस्पर बंद करू नका, सिबिल खराब होतं, आधी फायनान्सवाल्याला तक्रारीची कॉपी पाठवा. आणि उघडलेले डबे फेकू नका, परत मागितले तर दाखवायला लागतील.